शेवटच्या चकतीपर्यंत हात तोच राहावा: क्ले शूटिंगच्या स्पर्धेत काय खावं, काय प्यावं

क्ले शूटिंग म्हणजे हवेत सुटणाऱ्या चकत्या छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडणं. त्याची स्पर्धा संपली की स्कोअरशीट शांतपणे एकदा वाचून बघावी. पहिल्या दोन राऊंडमध्ये सुटलेल्या चकत्या इकडे-तिकडे विखुरलेल्या असतात. एखादी डावीकडे जोरात गेलेली, एखादी वाऱ्याने उचललेली. चौथ्या-पाचव्या राऊंडला मात्र चुका एकमेकींना चिकटून येतात. सलग दोन सुटतात, मग एक फुटते, पुन्हा एक सुटते. मी बरीच वर्षं याचं खापर कधी बंदुकीच्या फिटिंगवर फोडलं, कधी चोकवर (नळीच्या तोंडाच्या अरुंदपणावर), कधी काडतुसांवर. मग एका हंगामात प्रत्येक शीटच्या मागे त्या दिवशी काय खाल्लं, काय प्यायलो आणि किती वाजता, एवढंच लिहायला लागलो. सात-आठ शीट जमल्यावर चित्र दिसायला लागलं. सकाळी नुसत्या कॉफीवर निघालेले दिवस आणि दुपारी पोटभर जेवलेले दिवस शेवटी घसरले होते. बंदूक तीच होती, काडतुसंही तीच.

तेव्हापासून या विषयाकडे मी गांभीर्याने बघतो. खाणंपिणं बदलून कुणाचा नेम सुधारत नाही. पण सरावात कमावलेला नेम स्पर्धेच्या दिवशी टिकवून धरणं बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतं.

आधी हा खेळ शरीराकडून काय मागतो ते बघू. ट्रॅप आणि स्कीट या क्ले शूटिंगच्या दोन प्रकारांच्या आंतरराष्ट्रीय पात्रता फेरीत प्रत्येकाला १२५ चकत्या असतात, २५-२५ चे पाच राऊंड. मोठ्या स्पर्धांत ते बहुधा दोन दिवसांत विभागलेले असतात. चकती ११० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची. ट्रॅपमध्ये ती तुमच्या हाकेसरशी ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने समोरून पळते. तिची दिशा ओळखणं, बंदूक वळवणं आणि चाप ओढणं हे सगळं एका सेकंदाच्या आसपास उरकतं. म्हणजे दिवसभरात खरं काम मोजकी मिनिटं चालतं. बाकीचा सगळा वेळ उभं राहणं, स्टेशन (नेम धरून उभं राहण्याची जागा) बदलणं, इतर पाचजणांचे बार ऐकणं आणि पुढच्या राऊंडची वाट बघणं.

यातून एक साधी गोष्ट निघते, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हा दमसासाचा खेळ नाही. साडेतीन-चार किलोची बंदूक शेकडो वेळा उचलायची असते, धक्के सोसायचे असतात, खांदा दुखतो, पाय अवघडतात, हे खरं. पण स्नायूंमधला साठा रिता होईल इतकी ऊर्जा यात जळत नाही. त्यामुळे मॅरेथॉन धावणाऱ्यांसारखं आदल्या रात्री ताटभर भात किंवा पास्ता रिचवण्याची गरज नसते. त्याने फक्त सकाळी पोट जड होतं. आपल्याला टाकी भरून घ्यायची नाही, दिव्याची वात फडफडू द्यायची नाही, इतकंच.

ही वात कशाने फडफडते? मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी २० टक्क्यांच्या आसपास तो एकटा वापरतो. त्याचं मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज, दिवसाला साधारण १२० ग्रॅम. म्हणजे तासाला पाचेक ग्रॅम. आता गंमत बघा, मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही क्षणी ग्लुकोज असतं तेही जेमतेम चमचाभरच, पाचेक ग्रॅम. मेंदू तासाभरात जेवढं वापरतो तेवढंच! ते सतत भरून काढण्याचं काम यकृत करतं. यकृतात ग्लायकोजनच्या रूपात शंभरेक ग्रॅमचा साठा असतो, आणि रात्रभराच्या उपाशी झोपेत त्यातला बराचसा खर्ची पडलेला असतो. नेमबाजी करताना मेंदू खूप जास्त साखर जाळतो असं नाही. लक्ष एकवटल्याने हा खर्च थोडासाच वाढतो. निरोगी शरीर उपाशीपोटीही रक्तातली साखर सांभाळून घेतं. पण ते सांभाळताना ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं सुटतात, आणि स्पर्धेच्या ताणाने ती आधीच सुटलेली असतात. दोन्ही एकत्र आले की बोटांना बारीक कंप सुटतो, छातीत धडधडतं, चिडचिड होते. आपण त्याला ‘टेन्शन आलं’ म्हणतो. निम्म्या वेळा ती भूक असते.

म्हणून सकाळी काहीतरी खाऊन जाणं याला पर्याय नाही. किती वाजता खायचं हे आपल्या स्क्वॉडच्या (एकत्र खेळणाऱ्या नेमबाजांच्या गटाच्या) वेळेवरून उलटं मोजत यावं. पहिला राऊंड नऊला असेल तर न्याहारी सहा-साडेसहाला व्हावी, अडीच-तीन तास आधी. तेवढ्यात पोट हलकं होतं आणि अन्नातली ऊर्जा रक्तात उतरायला लागलेली असते. ताटात सावकाश पचणारं पिष्ट हवं आणि त्याच्या जोडीला थोडं प्रथिन: ओट्स आणि दही, किंवा होलव्हीट ब्रेड आणि दोन अंडी, वाटल्यास एखादं फळ. प्रथिनं, तंतू आणि थोडी स्निग्धता यांच्यामुळे पोट हळूहळू रिकामं होतं आणि साखर एकदम उसळत नाही. तळलेलं आणि फार तेलकट मात्र नको, कारण तेच हळू रिकामं होणं मग अति होतं आणि दुसऱ्या राऊंडलाही पोटात दगड असल्यासारखं वाटतं. काहीजणांना ताणामुळे सकाळी घास उतरत नाही. त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. दूध-केळ्याचं घट्ट पेय किंवा वाटीभर दही हळूहळू घ्यावं, आणि पहिल्या राऊंडच्या तासभर आधी अर्धं केळं.

आणि जे काही खायचं ते आधी सरावाच्या दिवशी खाऊन बघितलेलं असावं. स्पर्धेच्या गावी हॉटेलच्या न्याहारीत दहा नवे पदार्थ मांडलेले असतात. ते संध्याकाळी चाखा.

खरी कसोटी राऊंडच्या मधल्या वेळात असते. ट्रॅपच्या एका राऊंडला सहाजणांचा स्क्वॉड वीस-पंचवीस मिनिटं घेतो. त्यानंतर पुढच्या राऊंडपर्यंत तास-दीड तास जातो, आणि चकत्या फेकणारं मशीन बिघडलं, वारा-पाऊस आला तर आणखी जास्त. हा मोकळा वेळ म्हणजे खाण्याचा मोह. समोर बिस्किटं असतात, चॉकलेट असतं, कुणीतरी थंड पेयाची बाटली पुढे करतो. गोड खाल्ल्याबरोबर बरं वाटतं यात खोटं काही नाही. पण रिकाम्या पोटी एकदम बरीच साखर गेली की इन्सुलिनही त्याच जोराने सुटतं, आणि काहींच्या बाबतीत तासा-दोन तासांनी साखर सुरुवातीपेक्षाही खाली येते. सगळ्यांना हे होत नाही. पण ज्यांना होतं त्यांचा पुढचा राऊंड नेमका त्या उतारावर येतो. म्हणून राऊंड संपला की पंधरा-वीस मिनिटांत थोडंसं खावं: मूठभर बदाम-मनुका, किंवा केळं, किंवा चीजचं अर्धं सँडविच. मग पुढच्या राऊंडच्या आधीचा अर्धा तास पोटाला काही देऊ नये, पाण्याचे दोन-चार घोट सोडून. दिवसभरात असे चार-पाच छोटे घास. भूक लागण्याची वाट बघायची नाही आणि पोट भरल्याची जाणीवही होऊ द्यायची नाही.

दुपारचं जेवण हा नाजूक विषय आहे, कारण एकत्र बसून जेवण्यात स्पर्धेचा निम्मा आनंद असतो. पण दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळातच एक सुस्तीचा उतार असतो. तो न जेवताही येतो. भरपेट जेवणाने तो आणखी खोल होतो. एखादा राऊंड दुपारनंतर असेल तर जेवण निम्मं करा, उरलेलं बांधून घ्या आणि शेवटची चकती झाल्यावर खा. जेवल्यावर खुर्चीत रेलण्याऐवजी दहा मिनिटं सावलीत चाला. एवढ्याने फरक पडतो, हे मी माझ्या शीटच्या मागच्या नोंदींवरून सांगतो आहे.

आता पाणी. अन्नापेक्षा इथे चुका जास्त होतात, कारण चूक झाली हे कळायला उशीर लागतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी कमी झालं की एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग ढासळायला लागतो. ७० किलोच्या माणसासाठी हे म्हणजे जवळपास दीड लिटर. अंगात जाकीट, डोक्यावर टोपी, पायाखाली तापलेलं काँक्रीट, आणि दिवसभर उघड्यावर. उन्हाळ्यात एवढा घाम कधी गेला ते कळतही नाही. वारा असेल तर घाम वाळून जातो आणि आपण समजतो की आला नाही. थंडीत उलटं होतं. तहान लागत नाही, त्यातच गारठ्याने लघवी जास्त होते, आणि नेमबाज चार तास घोटभर पाण्याविना काढतो.

दुसरीकडे, राऊंडच्या मध्येच लघवीला लागणं हा काही छोटा त्रास नाही. तिसऱ्या स्टेशनवर मन तिकडे असेल तर चकती तिच्या वाटेने निघून जाते. म्हणून पुष्कळजण मुद्दाम पाणी टाळतात, आणि नेमकं तेच महागात पडतं. उपाय पाणी कमी पिण्यात नसून ते कधी प्यायचं यात आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा सल्ला असा: खेळाच्या सुमारे चार तास आधी, वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर. ७० किलोच्या माणसाला ३५० ते ४९० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले. एवढा वेळ हाताशी असला की जास्तीचं पाणी राऊंडच्या आधीच बाहेर पडून जातं. पुढे दिवसभर घोट-घोट. राऊंड संपला की जास्त, राऊंडच्या तोंडावर कमी. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक चाललं आहे. गडद असेल तर पाणी वाढवा. दिवसभर पाण्यासारखी पांढरीच होत असेल तर उगाच जास्त पिताय. घामाच्या मानाने पुष्कळ जास्त पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, आणि टोकाला गेलं तर जिवावर बेततं.

मग स्पोर्ट्स ड्रिंक घ्यावं का? थंड किंवा साध्या हवेत पाणी आणि नेहमीचं खाणं पुरतं. कडक उन्हात कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग उमटत असतील तर मीठ परत जायला हवं. बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण ६ ते ८ टक्के साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरला ३० ते ४० ग्रॅम. एका दमात संपवण्याची ती गोष्ट नाही. बाटली हातात ठेवून तासभर पुरवली तर उपयोगी. नाहीतर पाणी प्यावं आणि सोबत खारे दाणे खावेत, काम तेच होतं.

कॅफिनबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नेमबाजांमध्ये यावर ठाम मतं आहेत आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. कॅफिनने सतर्कता वाढते आणि प्रतिसाद जलद होतो. त्यानेच हाताचा कंप आणि छातीची धडधडही वाढू शकते. ते रक्तात पुरतं चढायला अर्धा ते एक तास लागतो आणि निम्मं उतरायला साधारण पाच तास. म्हणजे सकाळी सातची कॉफी दुपारी बाराला निम्मी अजून तुमच्यात आहे. अशात प्रत्येक ब्रेकला एक कप घेत गेलात तर कॅफिन साठत जातं आणि नेमकं शेवटच्या राऊंडला सर्वांत जास्त असतं. स्कीट खेळणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. तिथे बंदूक कमरेशी धरून हाक द्यायची असते आणि चकती लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही. ती थांबण्याची घटका अतिउत्तेजित शरीराला सोसत नाही. चकती दिसण्याआधीच खांदा उचलला जातो.

याचा अर्थ कॉफी सोडा असा नाही. रोज पिणाऱ्याने त्या दिवशी अचानक बंद केली तर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं आणि मन लागत नाही. माझं म्हणणं इतकंच की रोज जेवढी, ज्या वेळी पिता तेवढीच त्या दिवशी प्या. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं आहे. कपभर कॉफीत साधारण ९० मिलिग्रॅम, चहात त्याच्या निम्मं. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात बहुधा ८० मिलिग्रॅम कॅफिन आणि वर पंचवीस ग्रॅमच्या पुढे साखर. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही चढ-उतारांचा एकत्र प्रयोग. स्पर्धेच्या दिवशी तो नको.

आता जे सांगणार आहे ते खाण्याबद्दलच्या चर्चेत सहसा येत नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. राऊंड संपवून आलेल्या नेमबाजाचे हात एकदा जवळून बघा. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर राखाडी छटा असते. बंदूक बिजागरीशी मोडून उघडली की नळीतून धूर वर येतो, तोंडाजवळून जातो, आणि त्याच बोटांनी आपण रिकामी काडतुसं काढतो. त्या काजळीत शिसं असतं. पुष्कळ काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) शिशाचं संयुग वापरतात आणि बहुतेक छर्रेही शिशाचेच. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एका काडतुसात २४ ग्रॅमपर्यंत छर्रे असतात. प्रत्येक चकतीला एकच बार धरला तरी १२५ चकत्यांना तीन किलो. त्याच हाताने केळं सोलायचं, सालीवर बोटांचे करडे ठसे उमटतात, आणि टोकाचा तुकडा बोटांनी मोडून तोंडात जातो.

शिसं शरीरात साठतं आणि मज्जासंस्थेला, मूत्रपिंडांना, रक्तदाबाला त्रास देतं. रिकाम्या पोटी ते कितीतरी जास्त शोषलं जातं. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. म्हणजे चांगली न्याहारी इथेही पाठीशी उभी राहते. लहान मुलं तर शिसं मोठ्यांच्या कितीतरी पट शोषतात. म्हणून खाण्याआधी साबण आणि पाण्याने हात धुवायचेच, आणि तोंडही. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं तिथंच राहतं. नळ लांब असेल तर पाण्याची वेगळी बाटली आणि साबणाची वडी किटमध्ये ठेवा. खाऊ काडतुसांच्या पिशवीत टाकू नका, त्याला स्वतःचा झाकणाचा डबा हवा. बाटलीचं तोंड झाकलेलं असावं. आणि फायरिंग लाइनवर काही खाऊ नये. बाजूला यावं, हात धुवावेत, बसावं, मग खावं. घरी गेल्यावर मुलांना उचलण्याआधी कपडे बदलावेत.

डब्याबद्दल आणखी एक. उन्हात उभ्या गाडीत अंडी, चीज, दही ठेवून दुपारी खाऊ नका. नाशवंत अन्न साध्या हवेत दोन तासांच्या वर आणि ३२ अंशांच्या पुढच्या उन्हात एका तासाच्या वर बाहेर राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. बर्फाची पिशवी असलेला छोटा डबा घ्या, नाहीतर केळी, सुकामेवा, ब्रेड असं न नासणारंच घ्या.

दारूबद्दल फार बोलण्याची गरज पडू नये. बंदुका पेटीत बंद होऊन कुलूप लागेपर्यंत एक थेंबही नाही. आदल्या रात्रीची दारूही झोप तुकड्या-तुकड्यांत मोडते आणि सकाळी शरीर कोरडं ठेवते.

औषधांचं मात्र नीट विचारून घ्या. रक्तदाबासाठी किंवा हाताच्या कंपासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि इतर वेळीही बंदी घातलेली आहेत, कारण त्यांनी हात स्थिर होतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एका पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं याच गटातल्या प्रोप्रॅनोलोलमुळे काढून घेतली गेली. डॉक्टरांनी ती लिहून दिली असतील तर स्वतःहून थांबवू नका. ती एकदम थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांशी आणि आपल्या संघटनेशी आधी बोला. सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते, काहींत बंदी असलेले घटकही असतात. मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिनचं आणि खाण्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं, ग्लुकोज खिशात ठेवावं, आणि स्क्वॉडमधल्या एकाला तरी ते सांगून ठेवावं. हातात भरलेली बंदूक असताना साखर उतरणं ही त्या एकाचीच अडचण राहत नाही.

राहता राहिला शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवण्याची जादा नेमबाजी. पाच राऊंड झाले, गुण बरोबरीत, आणि कधी बोलावतील ते नक्की नाही. इथे बरेचजण दिवस संपला असं धरून भरपेट जेवतात किंवा ताणात काहीच खात नाहीत. निकालाचा फलक पूर्ण होईपर्यंत दिवस चालूच आहे असं समजा. डब्यात अर्धं सँडविच किंवा एक केळं मुद्दाम शिल्लक ठेवा आणि पाचवा राऊंड संपताच, हात धुऊन, ते खा. नाव पुकारल्यावर मग खाण्याचा प्रश्नच उरत नाही. पाण्याचे दोन घोट घ्यायचे, चष्मा पुसायचा, आणि काडतुसं खिशात टाकून स्टेशनकडे निघायचं.